दाराकडं तोंड केलेला घोडा

लग्नसराई आली की मला आधी ओल्या चुन्याचा वास येतो. आता बीडला आमच्या कॉलनीत चुना कुठून येणार? भिंतींना कसलासा प्लास्टिकचा रंग, बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. तरी चैत्र सरत आला, दुपारच्या झळा लागायला लागल्या, लांबच्या गल्लीतून बँडवाल्यांची तालीम ऐकू आली, की माझं नाक आपलं माहेरी, दिंद्रुडला जाऊन बसतं. आमच्या घराच्या दर्शनी भिंतीपाशी. एका अंगाला अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान, मधे घराचं दार, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना नुकताच चुन्याचा हात मारलेली भिंत. चुना वाळेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा आईचा दम असायचा.

यंदा तर लग्न माझ्याच घरी आहे. लेकीचं, जुईचं. परवा डेकोरेशनवाले आले आणि त्यांनी मोबाइलवर दाराच्या फ्लेक्सचं डिझाइन दाखवलं. दोन बाजूंना दोन पांढरे शुभ्र घोडे, मधे जुई आणि होणाऱ्या जावयाचा फोटो, खाली शुभेच्छुकांची ही लांब रांग. मी चष्मा पुसून बघितलं आणि म्हटलं, "अहो, ह्या घोड्याला तीनच पाय आहेत."

"चौथा शुभेच्छुकांच्या मागं गेला, काकू."

"आणि हे दोन एकाच अंगाचे एकदम उचललेत. पडेल की तो!"

आमचे यजमान पेपरमागून हसले. "तुला काय त्याच्यावर बसून जायचंय?"

जायचं नाही हो. पण ज्यानं उस्मान पेंटरचे घोडे बघितलेत, त्याची नजर घोड्याच्या तोंडाकडं जातच नाही. ती आधी पायांकडं जाते. मी काय करू?

उस्मानचाचा फक्त घोडे काढायचे. दुकानाच्या पाट्या नाहीत, देवळातले हत्ती नाहीत, पोपट नाहीत. आमच्याकडं तेव्हा लग्नघराच्या दाराशी दोन बाजूंना दोन घोडे काढायची रीत होती, आणि पंचक्रोशीत घोडे म्हटलं की उस्मान. घोड्यावर नवरदेव बसवा म्हणून लोक हट्ट करायचे. मग नाइलाजानं ते बसवायचेही. पण माणूस काही त्यांना जमायचा नाही. प्रत्येक नवरदेवाला तीच मिशी, तेच बटाट्यासारखं नाक. एका घरचा मुलगा तर बिनमिशीचा होता. भिंतीवरची मिशी बघून त्याची आजेसासू लग्नात विचारत फिरत होती, नवरदेव कोण म्हणून. पण घोडा असा, की खालून जाणारं कुत्रं थबकून बघायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रंग सगळे पुडीचे. गेरू, पिवडी, नीळ, चुलीवरची काजळी, आणि धरून ठेवायला बाभळीचा डिंक. शिंदीची काडी दाढेखाली चावून चावून तिचं टोक मऊ करायचे आणि तोच ब्रश. आयाळीसाठी मात्र खास कुंचला, टांग्याच्या घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. "घोड्याचे केस घोड्याच्याच केसानं काढायचे," असं गंभीरपणे सांगायचे. त्यात खरं किती आणि पोरींना फिरवणं किती, अल्ला जाणे.

पण त्यांची खरी गंमत वेगळीच होती. कुठलाही चित्रकार घोडा काढताना डोक्यापासून सुरुवात करील, नाहीतर पाठीच्या रेषेपासून. हे खुरांपासून करायचे. कोऱ्या भिंतीवर कोळशानं आधी चार खुरं ठेवायचे. नुसती चार खुरं, दुसरं काही नाही. मग समोरच्या लिंबाखाली बसून एक विडी ओढायची, खुरांकडं बघत. येणारेजाणारे विचारायचे, "काय उस्मान, शेळी हाय का बैल?" ते नुसता धूर सोडायचे. विडी संपली की उठायचे आणि मग त्या खुरांमधून पाय वर चढायचे, मांड्या भरायच्या, पोट, छाती, मान. तोंड सगळ्यात शेवटी.

एकदा मी विचारलंच, असं उलटं कावून?

"माझा बाप नालबंद होता, बेटी," ते म्हणाले. "निजामाच्या टायमाला ठाण्यातल्या घोड्यांना नाल ठोकायचा. बाप खाली बसलेला, मी त्येच्या शेजारी. धा वरसं मी घोडा खालनंच बघितला. त्येला तोंड असतंय ते लई उशिरा कळलं." आणि मग काडी रंगात बुडवत म्हणाले, "खुरं ठेवली की घोडा ठरला. कुठून आला, कुठं चालला, समदं तिथंच. बाकी निस्ता रंग."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. सतरा वर्षांच्या पोरीला कसली आलीय खुरांची अक्कल!

ती वर्षंच अशी होती की कुणाचंच लक्ष ठिकाणावर नव्हतं. गावात केबल आली होती. एसटीडीच्या पिवळ्या डब्यापाशी लोक रांगा लावून पुण्या-मुंबईला नुसतं "ऐकू येतंय का?" एवढंच विचारायचे. टांगे बसले आणि काळ्यापिवळ्या जीपा सुरू झाल्या; वीस माणसं आत, चार टपावर. रस्त्याकडेच्या भिंतींवर थंड पेयाच्या बाटल्या, टायर, साबण दिसायला लागले. अप्पांच्या दुकानात सुटी बिस्किटं मागणारी पोरं आता टीव्हीतलं नाव घेऊन पुडा मागायची. अप्पा कपाळावरच्या विभूतीला हात लावून म्हणायचे, "जग लई घाईत हाय बुवा." आणि पुडा द्यायचे.

त्याच उन्हाळ्यात अक्काचं लग्न ठरलं. अक्का, माझी थोरली बहीण, सुमन. गेवराईचं स्थळ, हायवेला लागून हार्डवेअरचं मोठं दुकान. मुलगा दिसायला उजवा. अक्का काही बोलली नाही. आमच्याकडं न बोलणं म्हणजे होकारच धरायचे.

उस्मानचाचा तीन दिवस भिंतीपाशी होते. अक्काला हळदीआधी बाहेर पडायची बंदी, म्हणून ती खिडकीत बसायची आणि मी चहाचा कप द्यायच्या निमित्तानं पायरीवर. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कानं खिडकीतून विचारलं, "चाचा, तुमची रजिया कुठं दिलीय?"

चाचांचा हात थांबला. "माजलगावला."

"येते का?"

त्यांनी काडीचं टोक पुन्हा दाढेखाली धरून चावलं. मग भिंतीकडंच तोंड ठेवून सांगितलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा रजिया एकटीच परत आली होती. अंगावर वळ होते. दारात उभी राहिली. आणि चाचांनी तिला आत घेतलं नाही. लोक काय म्हणतील, म्हणून उंबऱ्यातूनच वळवली, टांग्यात बसवली आणि दिवस मावळायच्या आत सासरी नेऊन सोडली.

"मग?" अक्कानं विचारलं.

"मग काय. हाय, बरी हाय. नवरा पण सुधरला पुढं. पोरं हायेत. पण माझ्या घरचं पाणी पीत न्हाई ती. गावात लग्नाला येती, शेजारच्या घरी उतरती, तिथंच जेवती. माझ्या उंबऱ्याला पाय लावत न्हाई." त्यांनी काडी पुसली. "बरोबर हाय तिचं."

अक्का एकदम म्हणाली, "चाचा, मला भीती वाटते." मला म्हणाली नव्हती, आईला म्हणाली नव्हती. भिंत रंगवणाऱ्या माणसाला म्हणाली.

"कावून? पोरगा बरा न्हाई का?"

"माहीत नाही. त्याच्या दुकानात हमालाच्या कानाखाली वाजवताना बघितलं मी. बघायला गेलतो तेव्हा. लगेच हसून पाणी दिलं आम्हाला त्यानं."

चाचांनी काडी खाली ठेवली. मग म्हणाले, "टांगेवाला झोपला तरी घोडा घरी आणतो, बेटी. घोड्याला घर पाठ असतंय." आणि उजव्या बाजूच्या कोऱ्या भिंतीकडं वळले. डाव्या बाजूचा घोडा पुरा झाला होता. उजव्या बाजूची खुरं अजून ठेवायची होती.

आता रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही. मुलाच्या घरी दोन्ही घोडे दाराकडं तोंड करून काढायचे, कारण लक्ष्मी घरात यायची असते. मुलीच्या घरी दोन्ही घोडे दाराकडं पाठ करून, बाहेर तोंड. लेक जायची असते, आणि दिल्या घरी राहायची असते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सगळं घर हळदीच्या तयारीत बुडालेलं, मलाही पायरीवर बसायला सवड मिळाली नाही. हळदीच्या सकाळी आत्या माजघरातून बाहेर आली, तांब्यातलं पाणी रांगोळीच्या जागी शिंपडायला म्हणून वाकली, वर बघितलं आणि तांब्या पडला. "अगं बाई बाई! हे काय करून ठेवलंय ह्या मेल्यानं!"

उजवा घोडा दाराकडं बघत होता. मोठा देखणा अबलख, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, मान किंचित खाली, जणू आता आत येऊन पाणी मागेल. डावा बाहेर निघालेला आणि उजवा आत शिरणारा.

क्षणात सगळं घर बाहेर. काका ओरडले, "आरं, पोरीच्या घरी आत तोंडाचा घोडा? पोरगी माघारी यावी म्हणतो का काय?" अप्पा दुकानातून आले. आयुष्यात कुणावर आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. "उस्मान, हे काय?"

चाचा लिंबाखालून उठून आले. हात जोडले. "चूक झाली, शेठ. मागच्या हप्त्यात मुलाच्या घरचं काम केलतं. हाताला सवय ऱ्हायली."

"पुस ते. आत्ताच्या आत्ता."

काकांनी चुन्याची बादली आणलीसुद्धा. तेवढ्यात दारातून आवाज आला, "पुसायचं नाही." अक्का. अर्ध्या तोंडाला हळद, केस मोकळे, हात पिवळे. "हळदीच्या दिवशी लग्नाच्या भिंतीवरचं पुसतात का, आत्या? तूच सांग. तूच म्हणालीस ना, आज साधी रांगोळीसुद्धा पुसायची नाही?"

आत्याची ही पंचाईत झाली! एकीकडं उलटा घोडा, दुसरीकडं हळदीच्या दिवशी पुसण्याचा अपशकुन. ती एकदा भिंतीकडं बघायची, एकदा बादलीकडं. शेवटी तिनंच तोड काढली. मांडवाची एक केळ उपटून आणली आणि घोड्याच्या तोंडापुढं उभी केली. वऱ्हाड आलं तेव्हा कुणाला दिसलं तर धड, शेपूट आणि केळीची पानं. केळफुलाचा लालभडक कोका घोड्याच्या नाकाजागी लोंबत होता. मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी अक्का जीपमध्ये बसली म्हणून रडू आवरेना.

चाचांना त्या दिवशी जेवायला कुणी थांबवलं नाही. ते कधी गेले तेही कुणी बघितलं नाही.

गावात बातमी पसरायला काय लागतं? उस्मानचा हात चुकला, उस्मान उलटा घोडा काढतो. लग्नाच्या कामात एवढं पुरतं. पुढच्या सराईत त्यांना एकाही मुलीच्या घरचं बोलावणं आलं नाही, मुलाच्या घरचीही आटली. तशी रीतही सुटतच चालली होती म्हणा, पण चाचांची ती त्या दिवशीच सुटली. मग ते गेवराईच्या हायवेला एका ठेकेदाराकडं भिंती रंगवायला लागले. टायरच्या जाहिराती. ऐकलं ते असं, की तिथंही एका भिंतीवर टायरच्या कोपऱ्यात त्यांनी लहानसा घोडा काढला होता, आणि ठेकेदार ओरडला, "टायर घेतल्यावर घोडा कशाला लागतो बे?" चाचा म्हणाले म्हणे, "टायर फुटल्यावर."

भिंतीवरचे आमचे घोडे राहिले. पुढचं लग्न होईस्तोवर ते पुसत नाहीत, आपोआप उडतील तेवढे उडतात. डाव्या अंगाला पावसाचा मारा, त्यामुळं बाहेर निघालेला घोडा दोन पावसाळ्यांत पार धुऊन गेला. उजवा पत्र्याच्या आडोशाला होता. तो तसाच, ताजा, दाराकडं बघत उभा. अप्पा जातायेता त्याच्याकडं बघायचं टाळायचे. दुकानातून घरात येताना मान पलीकडं वळवून यायची त्यांना सवयच लागली.

एकदा चाचा दुकानात आले. काही घेतलं नाही. म्हणाले, "शेठ, सुमनबेटी दिसलती गेवराईला. लई सुकली." अप्पा तराजूकडं बघत म्हणाले, "तू भिंती रंगव, उस्मान." चाचा गेले. मी आत डाळ निवडत होते. मी ऐकलं, आणि मीही काही बोलले नाही. हे मला अजून खातं.

आणि तिसऱ्या वर्षी, अशाच लग्नसराईत, भर दुपारी अक्का आली. काळ्यापिवळीतून उतरली. हातात एक पिशवी, डोळ्याखाली हिरवं-निळं. ती दारात आली आणि आत न येता भिंतीला टेकून उभी राहिली, तिला चालवत नसावं. आत्या तेव्हा आमच्याकडंच होती. तिनं एका नजरेत ओळखलं आणि अप्पांना हळूच सांगितलं, "पाणी पाजा आणि संध्याकाळच्या आत नेऊन सोडा. अजून कुणी बघितलं नाही."

अप्पांनी गल्ल्याला कुलूप लावलं. टोपी घातली. चपला घातल्या. मला टांगा दिसायला लागला, रजिया दिसायला लागली. अप्पा बाहेर आले. अक्का डोळे मिटून उभी होती, आणि तिचा हात मागं भिंतीवर होता, नेमका घोड्याच्या मानेवर. तीन वर्षांत पहिल्यांदा अप्पांनी त्या घोड्याकडं सरळ बघितलं. मग ते ओट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला म्हणाले, "अक्काला आत घे."

आत्यानं तोंड उघडलं. अप्पा म्हणाले, "तायडे, गप."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. ओट्याखाली उभे राहिले. अप्पा म्हणाले, "वर बस." मी चहा आणला. दोघं बराच वेळ फुंकर मारत प्यायले. मग अप्पांनी विचारलं, "उस्मान, खरं सांग. त्या दिवशी चूक झालती?"

चाचांनी कप खाली ठेवला. "शेठ, तोंड आधी काढणारा चुकंल. मी खुरं आधी ठेवतो. विडी वढस्तोवर त्येच्याकडं बघत बसतो." मग भिंतीकडं बघत म्हणाले, "एक जायला काढला, एक यायला. रजियाच्या लग्नात माझ्या दारी यायचा न्हवता."

अप्पा रडले. मी त्यांना रडताना दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही. चाचा जवळ सरकले. मग खिशातून विडी काढली, आणि अप्पा ओढत नसतानाही त्यांच्यापुढं धरली.

अक्का पुन्हा गेली नाही. पहिलं वर्षभर लोकांनी काय काय म्हटलं, ते सगळं सांगायला मला लाज वाटते. मग तिनं अप्पांचं दुकान धरलं, आणि जीभ सैल सोडणारे तिच्याकडूनच साखर नेऊ लागले. माझ्या लग्नाला अप्पांनी स्वतः जाऊन चाचांना आणलं. एवढंच सांगितलं, "सुमनच्या लग्नाला काढलेस तसेच काढ." चाचांचा हात तेव्हा कापायला लागला होता. पण उजव्या बाजूला पहिलं खूर ठेवलं तेव्हा मी पायरीवर होते. टोक दाराकडं. मला लगेच कळलं.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. रजिया मयतीला आली होती म्हणे, आणि पहिल्यांदा घरात गेली. उशीर हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही.

काल मी डेकोरेशनवाल्यांना फोन केला. म्हटलं, "डाव्या बाजूला तुमचा तीन पायांचा लावा, चालेल. तो जायचाच आहे. उजवी भिंत मोकळी सोडा." मग चौकातल्या इस्त्रीवाल्याकडून एक विझलेला कोळसा मागून आणला आणि आमच्या त्या गुळगुळीत भिंतीवर, दाराच्या उजव्या अंगाला, चार खुरं काढली. चित्रकला मला शाळेतही आली नाही. एक खूर जरा बटाट्यासारखंच झालं. आमचे यजमान ओरडले, "अगं, परवाच रंग दिलाय!" मी ऐकलं नाही. पायरीवर बसून विडीऐवजी चहा प्यायले, खुरांकडं बघत.

जुई बाहेर आली. "आई, हे काय? नुसते पायच? घोडा कुठाय?"

मी काही बोलायच्या आत फाटकाशी रिक्षा थांबली. अक्का. लग्नाला आठ दिवस आधी येते म्हणाली होती, तशी आली. केस सगळे पांढरे, हातात दुकानातल्या गुळाची जड पिशवी. पिशवी खाली न ठेवताच ती भिंतीपाशी गेली, वाकली, एकेका खुराचं टोक बघितलं.

"यायचा घोडा आहे हा, बाळा," ती जुईला म्हणाली. "जायचा तिकडं लावतील." आणि चपला काढून आत गेली.